एक संध्याकाळ गावाची



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या व्याख्यानाचा विषय 'कला आणि समाज' असा छापला आहे. छापणाऱ्यांचा त्यात दोष नाही. आम्हीच विषय वेळेवर कळवला नाही. ह्या नावाखाली बोलावयाचे तर पुण्याहून कोणी प्राध्यापक बोलवावयास हवा होता. आम्हांला हमाल-मापाड्यांच्या मजुरीविषयी बोलता येते, करारांविषयी बोलता येते आणि थोडेफार जलसा-पोवाड्याविषयी, कारण संघटनेच्या कामात ह्या गोष्टी आमच्या वाट्याला एकाच दाराने आल्या. तेव्हा मोठा विषय बाजूला ठेवून आज आम्ही एका लहानशा गोष्टीविषयी बोलणार आहोत.

ह्या ताडकळसच्या काही तरुणांनी मध्यंतरी आमच्यापुढे एक बेत मांडला. महिन्यातून एक संध्याकाळ गावाच्या मध्यावर, बाजाराच्या जागेत, काही तरी व्हावे. कधी पोवाडा, कधी भारूड, कधी कव्वाली, कधी शाळेतल्या पोरांची चित्रे दोरीवर टांगावी, कधी एखादी एकांकिका. तिकीट नसावे. साऱ्या गावाने यावे. बेत ऐकून आम्हांला आनंद झाला. 'महिन्यातून एकदा' हे चांगले, 'गावाच्या मध्यावर' हे चांगले, 'सर्वांसाठी' हे तर फारच चांगले. शेवटी एकजण उत्साहाने म्हणाला, "आणि सगळे फुकट!" तेथे मात्र आम्ही अडलो. आज जे सांगावयाचे आहे ते ह्या एका शब्दाविषयी.

पण त्याआधी चौकाविषयी थोडे बोलले पाहिजे. आपल्या मराठवाड्यात चौकात चार माणसे मोकळेपणाने बसणे ही गोष्टसुद्धा फुकट मिळालेली नाही. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या अमलाखाली होतो. 1929 साली त्या सरकारने गश्ती क्रमांक 53 काढली. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. तिने जाहीर सभेवर असा चाप लावला की, आधी परवानगी मागा आणि मग तोंड उघडा. लोकांनी काय केले? जे सभेत बोलता येईना ते कीर्तनात बोलले, गणपतीच्या मेळ्यात गाइले, वाचनालयाच्या बाकावर बसून कुजबुजले. परभणीचे गणेश वाचनालय त्याच राजवटीत उभे राहिले. गाण्यासाठी जमलेली माणसे गाणे संपले तरी लगेच उठत नाहीत, ही गोष्ट निजामाच्या अंमलदारांना चांगली ठाऊक होती. आज आपल्याला लाउडस्पीकरसाठी पोलीस ठाण्यात एक अर्ज द्यावा लागतो, तेवढ्याने आपण कुरकुरतो.

आता फुकटाकडे वळू. गावातली म्हातारी माणसे म्हणतात की, पूर्वी सगळे फुकटच होते. पहाटे वासुदेव येई, दिवसा बहुरूपी येई, लग्न झाले की गोंधळ होई. कोणी तिकीट काढले होते? तिकीट नव्हते हे खरे आहे. फुकट होते हे मात्र खरे नाही. वासुदेवाच्या झोळीत सुपातले धान्य पडत असे. गोंधळ घालावयाचा तर यजमानाने चौक मांडावा, दिवटीला तेल द्यावे, संबळवाल्यापासून तुणतुणेवाल्यापर्यंत सर्वांना जेवण, शिधा आणि दक्षिणा द्यावी, असा रिवाज होता. सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन वर्षाचा हक्क मागण्याची रीतही होती. मोबदला रुपयांत न मोजता ज्वारीत मोजत, एवढाच काय तो फरक. परभणीचे राजारामभाऊ कदम ह्यांच्यासारखे गोंधळी नावारूपाला आले, त्यांची विद्या अशा पिढ्यान्पिढ्यांच्या पोटावर चाललेल्या कामातूनच आली.

तथापि ह्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे आम्ही गाणार नाही. ज्याला मोबदला मिळत होता त्याला मान मिळत होता, असे नाही. कला जातीला बांधलेली होती. पोतराज स्वतःच्या अंगावर आसूड ओढून घेई तो हौसेने नव्हे. हलगी मिरवणुकीच्या पुढे चाले, आणि हलगी वाजवणारा पंगतीला सर्वांच्या शेवटी, तोही वेगळा बसे. हे पाहिलेली माणसे ह्या सभेत असतील. 1930 च्या सुमारास नाशिककडे भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला, पुढे वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव गात फिरले. त्यांनी वाद्ये तीच घेतली, पण हात पसरण्याचे नाकारले. म्हणून आम्हांला जुन्या रीतीतली मोबदल्याची गोष्ट हवी आहे. तिच्यातली लाचारी नको आहे. दोन्ही गोष्टी एकमेकींपासून सोडवता येतात काय, हा आमच्यापुढचा प्रश्न.

हा प्रश्न मुंबईच्या गिरणगावाने आपल्या परीने सोडवून पाहिला होता. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार एका खोलीत दहा-पंधराजण मिळून राही. त्या खोल्यांतून गावोगावची मंडळे निघाली. दर महिन्याला वर्गणी जमे. त्या वर्गणीतून भजनाचे टाळ आले, लेझीम आली, दशावताराचे मुखवटे आले. 1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक काढले. गिरणीच्या दारात, मैदानात, चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत त्यांचे कार्यक्रम झाले. लोक जमिनीवर बसत. सभेच्या शेवटी डबा फिरवणे ही चळवळीची जुनी रीत आहे. ज्याच्या खिशात असेल त्याने टाकावे, नसेल त्याने डबा पुढे सरकवावा. डबा पुढे सरकवणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नसे.

ह्याच गोष्टीला पुढे कायद्याचे रूप आले. 1953 साली कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. कामगाराच्या पगारातून जून आणि डिसेंबर महिन्यांत लहानशी रक्कम कापली जाते, मालक आपला वाटा घालतो, सरकार आपला घालते आणि त्यातून कल्याण केंद्रे चालतात, कामगारांच्या नाट्यस्पर्धा होतात. कामगार त्या स्पर्धेत नाटक करतो ते कोणाच्या मेहेरबानीने करीत नाही. त्याच्या पगारपत्रकात ती कपात लिहिलेली असते.

एवढे असूनही आमची चळवळ ह्या बाबतीत पूर्ण निर्दोष आहे असे म्हणण्याची आमची छाती नाही. अण्णा भाऊंच्या नावाच्या कमानी आज गावोगाव आहेत. ते 1969 साली गेले ते हलाखीत. ज्यांची गाणी आम्ही सर्वांनी वापरली त्यांची चूल कशी चालली हे आमच्यापैकी कितीजणांनी विचारले? आणि दूरचे कशाला, आमची स्वतःची गोष्ट सांगतो.

बरीच वर्षे झाली. एका तालुक्याच्या गावी, नाव सांगत नाही, आम्ही कामगारदिनाला मोफत शाहिरी जलसा ठेवला. पैशांची जुळवाजुळव होईना. तेव्हा त्या गावातल्या एका पुढाऱ्याने निरोप पाठवला की, खर्चाची काळजी करू नका. आम्ही काळजी सोडली. संध्याकाळी जाऊन पाहतो तो मंडपावर त्याचे भले मोठे छायाचित्र, आणि आमच्या संघटनेचा फलक मंडपाच्या खांबामागे. शाहिराला चिठ्ठी गेली: साहेबांवर दोन कडवी होऊ द्या. तो आमच्याकडे पाहू लागला. आम्ही मान खाली घातली. त्याने कडवी गाइली, आणि चांगली गाइली. तो कसबी माणूस होता. कार्यक्रम संपल्यावर सर्वांना शाल आणि नारळ मिळाला, टाळ्या झाल्या, पुढाऱ्याची मोटार निघून गेली. रात्री आम्ही एस.टी. स्टँडवर आलो तेव्हा ढोलकीवाला बाकावर ढोलकी उशाला घेऊन बसला होता. आम्हांला पाहून उठला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, तिकिटाला वीस रुपये कमी पडतात." त्याच्या मांडीवर शाल होती. आमच्या खिशात पैसे होते, ते दिले. पण ज्या दिवशी आम्ही सकाळी रस्त्यावर उभे राहून 'कामाचा दाम मिळालाच पाहिजे' असे ओरडलो होतो, त्याच रात्री आमच्याच कार्यक्रमात राबलेला एक मजूर आमच्याकडे परतीचे भाडे मागत होता. त्या प्रसंगापासून 'मोफत' हा शब्द फलकावर पाहिला की आम्ही आधी विचारतो, मोफत कोणाला आणि कोणाच्या जिवावर?

मुंबईला काळा घोडा नावाचा भाग आहे. तेथे 1999 पासून कलामहोत्सव भरतो. प्रवेशाला पैसे नाहीत. आम्ही एकदा कामगार आयुक्तांच्या कचेरीतले काम आटोपून तिकडे गेलो होतो. चित्रे, नाच, गाणे, सगळे रस्त्यावर. गर्दी उदंड, पण मालाची हातगाडी ओढणारा मात्र गर्दीच्या कडेकडेने वाट काढीत चालला होता, थांबत नव्हता. दार उघडे आहे म्हणून माणूस आत येतोच असे नाही. त्याला वेळही असावी लागते आणि ही जागा आपली आहे असे वाटावेही लागते. एक गंमत सांगतो. त्या भागाला काळा घोडा हे नाव एका इंग्रज राजपुत्राच्या अश्वारूढ पुतळ्यावरून पडले. तो पुतळा 1965 साली तेथून हलवून भायखळ्याच्या बागेत नेला. घोडा गेला तरी नाव राहिले. पुढे 2017 साली तेथे नवा घोडा बसवला, पण पाठीवर स्वार नाही. आम्हांला तो रिकाम्या पाठीचा घोडा फार आवडला. अमेरिकेतल्या अनेक शहरांत महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी अशीच संध्याकाळ करतात. चित्रशाळा आणि दुकाने उशिरापर्यंत उघडी ठेवतात, लोक पायी हिंडतात. त्यात ओस पडत चाललेला बाजार पुन्हा चालावा हा व्यापाऱ्यांचाही हेतू असतो. हेतू वाईट नाही. फक्त तो उघड असावा.

मग ताडकळसने काय करावे? आमच्या मते येणाऱ्याला तिकीट नसावेच. पण संध्याकाळ वर्गणीवर चालावी, आणि वर्गणी लहान व पुष्कळांची असावी. समजा, तीनशे घरांनी महिना वीस रुपये दिले. सहा हजार झाले. सहाजणांच्या संचाला प्रत्येकी सहाशे धरले तर छत्तीसशे. येण्याजाण्याचे हजार, आवाजाच्या यंत्राचे हजार. उरलेल्या चारशेत चहा आणि सतरंजीची धुलाई. हे आकडे आम्ही उदाहरणासाठी घेतले आहेत, कमीजास्त होतील. एक आकडा मात्र कमी होऊ देऊ नये. कलावंताचे मानधन त्या दिवसाच्या शेतमजुरीपेक्षा खाली जाता कामा नये, मग तो नवशिका असो की नाणावलेला, गावातला असो की परगावचा.

ह्यावर येथल्याच एका व्यापारी मित्राने आम्हांला सांगितले, "घरोघर कशाला फिरता? वर्षाचे सगळे पैसे मी एकटा देतो, आणि नावसुद्धा लावू नका." माणूस दिलदार आहे आणि त्याच्या शब्दावर आमचा विश्वास आहे. तरीही आम्ही नको म्हटले. तो नाव लावणार नाही. पण गाव विसरणार नाही. एखाद्या महिन्यात भारुडात सोंगाड्याने तराजूवर कोटी केली की सगळे त्याच्या तोंडाकडे पाहतील, आणि पुढल्या महिन्यात सोंगाडी ती कोटी करणारच नाही. त्याला कोणी मना केलेले नसेल. त्याचे त्यालाच सुचायचे बंद होईल. म्हणून कोणाही एका घराकडून महिना शंभरापेक्षा जास्त घेऊ नये, असे आमचे मत आहे. त्या मित्राने शंभर द्यावे आणि हमालाच्या शेजारी बसून ती कोटी ऐकावी. तो हसेल अशी आमची खात्री आहे.

दुसरी शंका तरुण मंडळींनी काढली. जो वर्गणी देणार नाही त्यालाही बसू द्यायचे काय? मग देणारा कशाला देईल? ही शंका आमच्या धंद्यातली रोजची आहे. संघटना करार करते, मजुरी वाढते, आणि ती वाढ वर्गणी न देणाऱ्यालाही मिळते. आम्हांला त्याचा राग येतो. खोटे कशाला बोला? परंतु तीस वर्षांच्या अनुभवाने असे दिसले की, अशा माणसाला वाढीतून वगळा म्हणणारी संघटना लहान होत जाते, आणि त्याला वाढ मिळाल्यावर पुन्हा त्याच्या दारी पावतीपुस्तक घेऊन जाणारी संघटना टिकते. काहीजण कधीच देत नाहीत. त्यांची पोरे देतात.

आता बसण्याविषयी. सतरंजी एकच असावी. हमालांचे संघटक बाबा आढाव ह्यांनी 1970 नंतरच्या दशकात 'एक गाव, एक पाणवठा' अशी मोहीम चालवली, तेव्हाही पुष्कळ गावांनी सांगितले होते की आमच्याकडे भेदभाव काही नाही, फक्त विहिरी वेगळ्या आहेत. खुर्च्यांची पहिली रांग आणि मागे सतरंजी अशी मांडणी झाली की गावाचा नकाशा तेथे उमटतो. म्हाताऱ्यांना आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना खुर्ची द्यावी. पदाला खुर्ची देऊ नये. ह्या नियमाने अध्यक्ष महाराजांनाही खुर्ची मिळेल, कारण त्यांच्या गुडघ्यांची हकीकत आम्हांला ठाऊक आहे.

वेळेचा प्रश्न ह्याहून अवघड आहे. पूर्वी जलसा तांबडे फुटेपर्यंत चाले. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद केला; वर्षातल्या काही थोड्या दिवसांपुरतीच सवलत मिळते. म्हणजे दहाच्या आत आटोपले पाहिजे. तरुणांनी आठची वेळ ठरवली होती. आम्ही विचारले, आठ वाजता भाकरी कोण थापणार? कोणी उत्तर दिले नाही. त्या बैठकीत एकही बाई नव्हती, हे आमच्या तेव्हाच लक्षात यावयास हवे होते, पण तेही आम्हांला घरी गेल्यावर सांगितले गेले, तेव्हा कळले. तेव्हा वेळ घरच्या बायकांना विचारून ठरवावी. त्यांनी साडेपाच म्हटले तर साडेपाच. पुरुषांनी त्या दिवशी रानातून लवकर यावे, नाही तर त्या रात्री पिठल्यात हात घालावा.

दिवस कोणता? कोणी पौर्णिमा सुचवली. पौर्णिमा आम्हांलाही आवडते. वीज गेली तरी उजेड असतो आणि ती वारकऱ्यालाही चालते, बौद्धालाही चालते. कोणी बाजाराचा दिवस म्हटले, कारण आसपासच्या खेड्यांतली माणसे येतात आणि मजुरीचा पैसा हातात असतो. पण त्या दिवशी हमाल थकून जातो, असे आमचे म्हणणे पडले, आणि लगेच आमच्याच एका हमालाने उठून सांगितले की, "थकलेल्यालाच गाणे लागते, साहेब." ह्यावर आम्ही गप्प बसलो. दिवस गावाने ठरवावा. मात्र दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे उन्हाळा लागेपर्यंत परत येत नाहीत, म्हणून त्यांच्या वाट्याचे दोन कार्यक्रम वैशाख-ज्येष्ठात मोठे करावे. नाही तर 'साऱ्या गावाची संध्याकाळ' म्हणता म्हणता गावातला एक मोठा भाग कायमचा बाहेर राहील, तोही बहुधा राबणारा.

हिशेब मात्र दर महिन्याला गाण्याआधी वाचावा. गाण्यानंतर कोणी ऐकत नाही. आमच्या संघटनेत एकदा वार्षिक जमाखर्च भोजनानंतर वाचला होता. टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला आणि चूक तीन महिन्यांनी सापडली.

माणसे कोठून आणावी ह्याची आम्हांला काळजी नाही. 1995 साली परभणीला साहित्य संमेलन भरले तेव्हा आम्ही पंचविशीत होतो आणि मंडपाच्या अगदी मागे उभे होतो. अध्यक्षपदी नारायण सुर्वे होते. गिरणीत राबलेला, शाळेत शिपायाचे काम केलेला हा माणूस त्या व्यासपीठावर होता. आमच्या शेजारी उभा असलेला एक मालगाडी भरणारा आम्हांला पुन्हा पुन्हा विचारीत होता, "हे खरेच गिरणीत होते का?" 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणून ज्या जिल्ह्याला लोक हिणवतात त्या जिल्ह्यात हे झाले. परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात कव्वाली ऐकावयास सर्व धर्मांची माणसे बसतात. कव्वाल आहेत, गोंधळी आहेत, पूर्णेच्या रेल्वे वसाहतीत भीमगीते गाणारी मंडळी आहेत. सांगावा धाडला तर येतील. आधी मानधनाचा आकडा सांगावा आणि मग तारीख विचारावी. उलट करू नये.

पहिल्या संध्याकाळी कोणाला बोलवावे असे आम्हांला विचारले आहे. आमचे मत असे की बाहेरचे कोणी नको. ह्या गावात जात्यावरच्या ओव्या ज्यांना येतात अशा पाच-सहा म्हाताऱ्या बाया नक्की निघतील. जनाबाईंचे गंगाखेड येथून फार दूर नाही; दळता दळता गाणे ही ह्या मुलखाची फार जुनी विद्या आहे, आणि गिरणी आल्यापासून ती त्या बायांच्या पोटातच राहिली आहे. मध्यभागी एक जाते ठेवावे, शेरभर ज्वारी ठेवावी आणि त्यांना बसवावे. त्या लाजतील, एकमेकींना कोपराने ढोसतील, पण एकीने सुरुवात केली की थांबणार नाहीत. त्यांचे मानधन हिशेबात धरावे. त्या नको नको म्हणतील, घरचीच माणसे आहोत म्हणतील. तरी पाकीट त्यांच्या हातात द्यावे, मुलाच्या किंवा नातवाच्या हातात नव्हे, आणि रीतसर पावती घ्यावी. सही येत नसेल तर अंगठा चालेल. शाईची डबी आम्ही घेऊन येऊ.